गव्हाचं तिसरं पाणी आणि जोकर



आजची नोंद गव्हाची आहे आणि नाहीपण. ज्यांना फक्त गव्हाचंच वाचायचंय त्यांच्यासाठी तेवढं आधी सांगून टाकतो. पेरणी १४ नोव्हेंबर, भारी काळी जमीन, तीन एकर. पहिलं पाणी २१ व्या दिवशी मुकुटमुळं फुटताना दिलं, दुसरं ४२ व्या दिवशी कांडी धरताना. तिसरं आता ओंबी बाहेर पडायच्या वेळेला, ते बरोबर संक्रांतीला संपलं. मावा तुरळक आहे, पण ढालकिडेही दिसतात, म्हणून फवारणी केलेली नाही. करायची वेळ आली तर कळवीन.

बाकी नोंद सिनेमाची आहे. हसू नका.

या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट होती. पाटानं पाणी, सारे लांब, एक सारा भरायला पाऊण तास लागतो. दारं मोडायचं, पुढच्या साऱ्यात पाणी घालायचं आणि शेकोटीपाशी येऊन बसायचं. पोरगं सणाला घरी आलेलं, बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणालं, अण्णा, मोबाईलवर एक सिनेमा दाखवतो, हिंदीत आहे, 'द डार्क नाइट'. म्हणलं, ते वटवाघळाचं? ते तर ल्हान पोरांचं असतंय. म्हणालं, हे तसलं नाही.

दोन तास बत्तीस मिनिटांचा सिनेमा आम्ही तीन रात्रींत बघितला. मधेमधे दारं मोडायला उठायचो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॉथम नावाचं शहर, खरं नाही, सिनेमातलं. गुंडांच्या टोळ्या, विकलेले पोलीस. ब्रूस वेन नावाचा गडगंज श्रीमंत माणूस रात्री काळा पोशाख घालून गुंडांना बडवतो, तोच बॅटमॅन. त्याच्याकडं उडायची किंवा अदृश्य व्हायची कसली जादू नाही. पैसा, यंत्रं आणि अंगातली रग, एवढंच. एक प्रामाणिक सरकारी वकील आहे, हार्वी डेंट. एक चांगला पोलीस अधिकारी आहे, गॉर्डन. तिघं मिळून टोळ्यांचा पैसा अडवतात. टोळ्या घायकुतीला येतात आणि मग त्या एका माणसाला हाताशी धरतात. तोंडाला पांढरा रंग, ओठाच्या दोन्ही कडा कानापर्यंत फाटलेल्या, त्यावर लाल रंग फासलेला. तो जोकर.

सिनेमा सुरूच होतो बँकेच्या दरोड्यानं. सगळ्यांच्या तोंडाला विदूषकाचे मुखवटे. एकानं धोक्याची घंटा बंद केली की दुसरा त्याला गोळी घालतो. तिजोरी उघडणाऱ्याचं काम झालं की त्यालाही तसंच. प्रत्येकाला आधीच सांगून ठेवलेलं असतं की तुझ्या शेजारच्याचं काम संपलं की त्याला संपव, तुझा वाटा वाढेल. आणि प्रत्येकाला वाटतं की असं फक्त मलाच सांगितलंय! शेवटी एकटा उरतो तो मुखवटा काढतो, तर आतही विदूषकच. मग शाळेच्या पिवळ्या बसमध्ये पैसा घालून, रस्त्यानं चाललेल्या तसल्याच बसच्या रांगेत घुसून निघून जातो. वाटणीत काय काय होतं ते आपण गावात बघतोच, गोळ्या नसतात एवढंच.

पोरगं म्हणालं, पेन्सिलीचा सीन जगभर गाजलाय. टोळीवाल्यांच्या बैठकीत जोकर टेबलावर पेन्सिल उभी करतो आणि म्हणतो, गायब करून दाखवतो. पुढं काय होतं ते सांगत नाही. मला तो सीन एवढा नाही भावला. पुढं रस्त्यावर अठरा चाकी ट्रक तोंडावर उलटा होतो, ते मात्र तोंडात बोट घालायला लावतं. पोरानं सांगितलं की ते कॉम्प्युटरवर केलेलं नाही, शिकागोच्या रस्त्यावर खरा ट्रक उलटवलाय.

मला आवडला तो दवाखान्याचा सीन. जोकर नर्सचे कपडे घालून दवाखान्यातून डुलत डुलत बाहेर येतो. हातात बटण. मागं इमारत फुटायला लागते आणि मधेच थांबते. तो वळतो, बटण हलवतो, दाबतो, पुन्हा दाबतो. मोटरचा स्टार्टर पहिल्या दाबाला उचलत नाही तेव्हा आपला जीव जसा खालीवर होतो, हुबेहूब तसं. मग एकदम सगळी इमारत बसते आणि तो दचकतो. मी हसलो. हसल्यावर स्वतःचीच लाज वाटली, कारण दवाखाना होता तो.

या जोकरची एक गोष्ट तुमच्यातल्या कृषी सहायकांनी आणि दुकानवाल्या मित्रांनी ध्यानात घ्यावी. तोंड कसं फाटलं ते तो एकाला सांगतो, की बाप दारू प्यायचा, त्यानं सुरी चालवली. पुढं दुसऱ्या बाईला सांगतो, की बायकोसाठी मीच माझं तोंड कापलं. दोन्ही वेळा असं सांगतो की काळजात कालवतं. तिसऱ्यांदा सांगायला लागतो तर बॅटमॅन त्याला पुरं करू देत नाही. खरं कारण सिनेमा संपला तरी कळत नाही. त्याचं नाव नाही, गाव नाही. पोलीस त्याच्या बोटांचे ठसे तपासतात, कपडे तपासतात, कशाचाच पत्ता लागत नाही. आता आपली सवय कशी, पान पिवळं दिसलं की कारण पाहिजे. नत्र कमी आहे, पाणी साचलंय, लोह कमी पडतंय, मूळ कुजलंय, काहीतरी पाहिजेच. कारण सापडलं की औषध सापडतं. या माणसाचं कारणच सापडत नाही, म्हणून त्याची जास्त भीती वाटते.

आणि त्याला वेसण नाही. पोलीस कोठडीत बॅटमॅन त्याला भिंतीवर आपटतो, तर हा हसतो. मारून भीती नाही, पैशाची हाव नाही. टोळीवाल्यांचा पैसा परत मिळवून देतो, घरभर नोटांचा ढीग रचतो, आणि त्याला काडी लावतो. वर म्हणतो की मी माझाच अर्धा वाटा जाळतोय. त्याच बोलण्यात म्हणतो की मला बारूद आणि पेट्रोल आवडतं, कारण स्वस्त असतं. पेट्रोल स्वस्त म्हणणारा हा पहिलाच माणूस मी बघितला.

हे काम केलं हीथ लेजर या नटानं. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. या भूमिकेसाठी हॉटेलच्या खोलीत महिनाभर स्वतःला कोंडून घेऊन आवाज आणि हसणं बसवलं होतं म्हणे. सिनेमा जुलै २००८ मध्ये आला, आणि हा जानेवारीतच गेला, औषधं एकत्र घेतली गेली म्हणून, वय २८. पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं, ते घरच्यांनी घेतलं. जीभ ओठावरून फिरवत बोलतो ना, ते बघताना वाटतं की खुळ्या कुत्र्यासमोर बसलोय. सिनेमा काढणारा ख्रिस्तोफर नोलन. बाकी सगळे नट भारीच आहेत, पण मला जो नट धरून बसला तो मायकेल केन. त्यानं ब्रूस वेनच्या घरच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याचं काम केलंय. नाव आल्फ्रेड.

पहिल्या रात्री आल्फ्रेड मालकाला एक गोष्ट सांगतो. तो तरुणपणी ब्रह्मदेशात होता. तिथल्या टोळीप्रमुखांना वश करायला हे लोक रत्नं पाठवायचे, आणि एक दरोडेखोर ती वाटेत लुटायचा. सहा महिने शोधलं, पण ज्याच्याकडं रत्नं आहेत असा एक माणूस सापडेना. मग एक ल्हान पोर संत्र्याएवढ्या माणकाशी खेळताना दिसलं. दरोडेखोर लुटायचा आणि फेकून द्यायचा. त्याला माल नकोच होता. आल्फ्रेडचं म्हणणं, काही माणसांना विकत घेता येत नाही, समजावता येत नाही, त्यांना फक्त जळताना बघायचं असतं.

हे ऐकलं आणि मी पोराला म्हणलं, थांबव जरा. दारं मोडायला गेलो, पण सारा अजून अर्धासुद्धा भरला नव्हता.

तुमच्यातले जे जुने वाचक आहेत त्यांना माझी कडब्याची गंज माहीत आहे. मार्च २०१३. दुष्काळाचं ते साल मराठवाड्याला सांगायला नको. विहिरी कोरड्या, चाऱ्याच्या छावण्या सुरू, आणि माझ्याकडं आदल्या सालचा दीड हजार पेंढी कडबा. त्या वर्षी कडबा म्हणजे सोनं. रात्री दीडच्या सुमाराला कुत्री भुंकायला लागली. बाहेर आलो तर उजेड. कडबा पेटला की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, तो आवाज अजून कानात आहे. टँकरचं पाणी दोन टिपाडं होतं, ते प्यायचं. बघत उभे राहिलो. आठ दिवसांत बैलजोडी पडत्या भावात विकली. म्हैस छावणीवर नेली.

चोरी असती तर समजलं असतं. कडबा नेला असता तर कुणाच्या तरी जनावरानं खाल्ला असता. जाळून कुणाला काय मिळालं, हेच बारा वर्षं विचारत आलोय. त्या रात्री आल्फ्रेडनं उत्तर दिल्यासारखं वाटलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसरी रात्र. जोकर पकडला जातो, पण तेही त्याच्या मनासारखंच. हार्वी डेंट आणि त्याची होणारी बायको रेचल, दोघांना दोन ठिकाणी बांधून ठेवलेलं, भोवती इंधनाची पिंपं. ब्रूसचाही जीव रेचलवरच. जोकर दोन पत्ते सांगतो. बॅटमॅन रेचलच्या पत्त्यावर धावतो आणि दार उघडतो तर आत डेंट. पत्ते उलटे सांगितलेले. रेचल जाते. डेंटचा अर्धा चेहरा इंधनात भिजलेला असतो, तो पेटतो. त्याच्याकडं एक नाणं असायचं, दोन्ही बाजूंना छापा, म्हणजे तो कधी हरायचाच नाही. आता त्या नाण्याचीही एक बाजू जळून काळी झालेली. पुढं तोच वकील नाणं उडवून माणसं मारत सुटतो.

मधे ब्रूस दुःखात बसलेला असतो, आणि विचारतो, ब्रह्मदेशातला तो दरोडेखोर सापडला का? आल्फ्रेड म्हणतो, हो. कसा? म्हातारा शांतपणे सांगतो, की आम्ही सगळं जंगल जाळून टाकलं.

पुढचा सिनेमा मला त्या रात्री दिसला नाही. पोरगं बघत होतं, मी शेकोटीकडं बघत होतो. दारं मोडायचं राहून गेलं, सारा फुटला, आणि पाणी बांधावरून शेजारच्या हरभऱ्यात गेलं. घाटे भरायच्या वेळेला हरभऱ्यात पाणी साचलं की काय होतं ते तुम्हाला सांगत बसत नाही. शेजारचा हरभरा माझ्या चुलतभावाचा. फावडं घेऊन पळालो, बांध भरला, त्यांच्या रानात गुडघ्याएवढ्या हरभऱ्यात चर काढून पाणी ओढ्याकडं काढलं. बारा वर्षांत त्या रानात पहिल्यांदा पाय ठेवला.

आता बाकीचं सांगतो, जे मी इथं कधी लिहिलं नव्हतं.

गंज जळायच्या सहा महिने आधी बांधावरच्या बाभळीवरून आमची भांडणं झाली होती. चुलतभावाचं थोरलं पोरगं, तेव्हा वीस वर्षांचं, चार लोकांत मला म्हणालं होतं, बघून घेतो. एवढंच. गंज जळाली आणि मी संशयित म्हणून त्याचं नाव दिलं. पुरावा काहीच नव्हता. त्याला चार वेळा बोलावलं. शेवटी तपास लागला नाही म्हणून प्रकरण मिटलं, पण मिटायला वेळ लागला. पोरगं भरतीची तयारी करत होतं. पहाटे चारला डांबरीवर पळायचं, त्याच्या पायांचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा. मैदानी निघालं, लेखी निघाली. चारित्र्य पडताळणीत माझा अर्ज निघाला. यादी पुढं गेली, ते मागं राहिलं. नंतर वय गेलं. आता पुण्यात गाडी चालवतं.

दुसरी गोष्ट. गंजीच्या वरून विजेच्या दोन तारा जायच्या, झोळ पडलेल्या. फाल्गुनातला वारा सुटला की तारा एकमेकींना घासायच्या आणि ठिणग्या पडायच्या. हे मी गंज रचतानाच बघितलेलं होतं. सोयीची जागा म्हणून तिथंच रचली. आग तारांनी लागली असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण तेव्हासुद्धा माहीत नव्हतं, आणि तरी मी नाव दिलं. तारांवर राग काढता येत नव्हता. मला माणूस पाहिजे होता.

चुलतभावाकडच्या दोन लग्नांना आम्ही गेलो नाही. आमच्या आईच्या मातीला ते आले होते, लांब उभे राहिले. सामाईक विहिरीवर पाळीच्या दिवशीसुद्धा एकमेकांकडं बघायचं नाही. आल्फ्रेडनं तरी चोर धरला होता.

तिसऱ्या रात्री उरलेला सिनेमा बघितला. शेवटाकडं दोन बोटींचा सीन आहे, तो तुम्ही बघाच. एका बोटीत साधी माणसं, दुसरीत तुरुंगातले कैदी. दोन्हीत स्फोटकं, आणि प्रत्येक बोटीकडं दुसऱ्या बोटीचं बटण. जोकर सांगतो, रात्री बारापर्यंत एकानं दुसऱ्याला उडवलं नाही तर मी दोन्ही उडवतो. साधी माणसं मतदान घेतात. चिठ्ठ्या टाकून! मत पडतं, उडवा. पण बटण हातात घ्यायची वेळ आली की एकाचीही हिंमत होत नाही. कैद्यांच्या बोटीत एक धिप्पाड माणूस उठतो, अधिकाऱ्याला म्हणतो, दे इकडं, जे तू दहा मिनिटांपूर्वीच करायला पाहिजे होतंस ते मी करतो. आपला श्वास अडकतो. तो बटण घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. मग जागेवर जाऊन बसतो. बारा वाजतात, काही होत नाही. पहिल्यांदा जोकरचं तोंड उतरतं.

पोरानं विचारलं, अण्णा, तू कुठल्या बोटीत? मी म्हणलं, दारं बघून येतो.

शेवट मला पटला नाही. डेंटनं पाच माणसं मारलेली असतात. लोकांचा त्याच्यावरचा विश्वास मोडू नये म्हणून बॅटमॅन तो सगळा आळ स्वतःवर घेतो, आणि पोलीस कुत्री घेऊन त्याच्या मागं लागतात. लोकांना खरं सांगायला काय हरकत होती? पोरगं म्हणालं, त्यावर पुढचा भाग आहे. असेल. आणखी एक, तो शहरातल्या सगळ्यांचे मोबाईल चोरून ऐकायचं यंत्र लावतो, जोकरला शोधायला. त्याचा यंत्रं करणारा म्हातारा माणूस, मॉर्गन फ्रीमनचं काम, तोंडावर सांगतो की हे चूक आहे, एवढ्या एका वेळेला मदत करतो, पण हे यंत्र राहणार असेल तर मी राहणार नाही. शेवटी ते यंत्र मोडलं जातं. २०१३ मध्ये माझ्या घरातही असं एक माणूस होतं. बायको म्हणाली होती, नाव देऊ नका. मी ऐकलं नाही.

सिनेमा संपला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. म्हणलं, लई भारी होता, तुला कुणी दिला?

पोरगं काही बोललं नाही. मग म्हणालं, दादानं पाठवला.

कुठला दादा ते विचारायची गरज पडली नाही. ह्यांचं बोलणं सुरू होतं तर. पुण्यात शिकायला गेल्यापासून हे त्याच्या खोलीवर जातं, सुट्टीच्या दिवशी जेवतं. तीन वर्षं. त्यानं हा सिनेमा सात-आठ वेळा बघितलाय म्हणे.

मी विचारलं, त्यानं पाठवला तो तुला बघायला का मला दाखवायला?

म्हणालं, ते तूच त्याला विचार. आणि माझ्याच मोबाईलमध्ये त्याचा नंबर घालून दिला.

दिवस उजाडल्यावर बायकोनं तिळगूळ बांधून पोराच्या हातात दिला, दोन पुडे. दुसरा कुणासाठी ते मी विचारलं नाही. बांधापलीकडच्या हरभऱ्यातलं पाणी निघून गेलंय, बघून आलो. दहा-बारा ओळी पिवळ्या पडतील असं दिसतं. चुलतभाऊ हे पान वाचतो हे मला माहीत आहे. भाऊ, पाणी माझ्याकडून फुटलं. दारं मोडायला उशीर झाला.

नंबर सेव्ह आहे. अजून लावला नाही. गव्हाला चौथं पाणी दाणे भरताना, ८० दिवसांच्या पुढं, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा पाळी त्यांची आहे, विहिरीवर गाठ पडेल.